कव्हर लावायच्या आधी

हिम्मतराव : मग मला एवढं सांग, तळहातात मावणारं बेअरिंग यायला दिवाळीपासून होळी लागती का?

चतुराबाई : मला काय इचारता? मी काय बेअरिंग घालते का? चहा निवायलाय, तो घ्या आधी.

हिम्मतराव : राहू दे चहा. गाडी मीच दिली याकूबला. इंजिनाच्या तोंडाशी किर्र किर्र वाजायला लागलं, तेव्हा मीच ओळखलं. म्हणलो, याकूब, टायमिंग बेल्टला ताणून धरणारं ते टेन्शनर आहे ना, त्याचं बेअरिंग गेलंय. बदलून टाक. नाही तर एक दिवस बेल्ट घसरंल, आतले व्हॉल्व एकमेकांवर आपटतील आन् एवढं इंजिन भंगारात जाईल. अर्ध्या दिवसाचं काम. आता पोरांच्या परीक्षा आल्या तरी गाडी त्याच्याचकडं.

चतुराबाई : इटलीची गाडी हाय. तुम्हीच सांगत फिरता, आख्ख्या हैदराबादेत अशी दुसरी फियाट न्हाई म्हणून. मग सामान मिळायला येळ लागणारच की.

हिम्मतराव : हे याकूबचं वाक्य आहे.

चतुराबाई : कोणतं?

हिम्मतराव : 'सामान मिळायला वेळ लागणारच की.' अगदी ह्याच चालीत म्हणतो तो. तुला कधी भेटला?

चतुराबाई : अगं बाई! म्हणजे आता माझ्यावर बी शक? सुलतान बाजारात दिसला असंल कधी. माणूस दिसला तर काय तोंड फिरवून जायचं?

हिम्मतराव : मला नाही सांगितलंस भेटला म्हणून.

चतुराबाई : मला दिवसभरात ज्वारीवाला भेटतो, फुलवाली भेटते, समोरची कुसुमताई तर उठल्यासुटल्या भेटते. समद्यांची हजेरी देऊ का तुम्हाला रोज?

हिम्मतराव : तू विषय बदलायलीस. मी तुला सांगतो काय मुआमला आहे. त्याच्या गॅरेजला गेलो की गाडीवर ताडपत्री. म्हणलो काढ. तर म्हणतो, धूल बैठती उस्ताद. अरे, गॅरेजात धूळ नाही बसणार तर काय गुलाबपाणी? बॉनेट उघड म्हणलो, तर चहा मागवला. चहा पिला, तर म्हणे आता नमाजाला चाललो. मागच्या वेळी तर मला बघून जो गाडीखाली शिरला, तो बाहेरच येईना. नुसते पाय दिसायलेत. मी त्या पायांशी किती वेळ बोलणार?

चतुराबाई : काम असंल त्याला.

हिम्मतराव : काम नाही, पाप आहे पोटात. गल्लीतला नामदेवराव काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, तुमची गाडी तेलुगू पिक्चरमधे गेली असंल. हिरोला बसवायला अशाच गाड्या लागतात त्यांना.

चतुराबाई : नामदेवरावाला तर समदंच पिक्चरमधे गेलेलं दिसतं. त्याची म्हैस हरवली व्हती तेव्हा बी हेच म्हणला का?

हिम्मतराव : हस तू. मला वेगळा शक आहे. आता मोठमोठी हॉटेलं उघडायलेत, त्यांना जुन्या गाड्या पायजेत दारात उभ्या करायला. आन् माझं इंजिन म्हणजे डबल कॅमचं, रेसच्या गाडीसारखं. कुणीतरी पैसेवाला याकूबच्या मागं लागला असणार. इंजिन काढून दिलं असणार त्यानं. म्हणून ताडपत्री.

चतुराबाई : याकूबनं? ज्याला तुम्ही वर्कशॉपात हाताला धरून शिकवलं? आपल्या घरी जेवायला बसायचा तो याकूब?

हिम्मतराव : हौ, तोच. माणूस बदलतो. सगळंच बदलायलंय आता. चतुरा, तुला नाही कळायचं. ती गाडी लिलावात घेतली तेव्हा जळालेली होती. नुसता सांगाडा. मी एकेक वायर ओढली तिच्यात. वर्कशॉप सुटलं, फोरमनची खुर्ची गेली, तेव्हा लोक म्हणाले, हिम्मतराव आता घरात बसतील. नाही बसलो. का? दारात गाडी होती. सकाळी उठून चपला कशासाठी घालायच्या, तर गाडीसाठी. ती गेली तर मी काय करू? कुसुमताईसोबत शेंगा सोलत बसू?

चतुराबाई : ...चहा गरम करून आणते.

हिम्मतराव : थांब. हे बघ आधी. हात पुढं कर.

चतुराबाई : काय हाय? गार लागायलंय.

हिम्मतराव : बेअरिंग.

चतुराबाई : कुठनं आणलं?

हिम्मतराव : राणीगंजच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून. काल तू भजनाला गेलतीस, तेव्हा.

चतुराबाई : राणीगंजला? एकटे? आन् रस्ता कसा वलांडला तिथला?

हिम्मतराव : पायानं. म्हणजे काय प्रश्न झाला हा? रिक्षावाल्यानं दुकानाच्या दारात सोडलं.

चतुराबाई : मला सांगून जायचं व्हतं.

हिम्मतराव : सांगितलं असतं तर याकूबला कळलं असतं. ऐक पुढं. दुकानात गेलो, नंबर सांगितला. तो तर मला पाठच आहे, मीच बसवलेलं मागचं. वाटलं, दुकानदार हसंल. एका काळी ह्याच बेअरिंगसाठी मी दिल्लीला दरख्वास्ती केल्या होत्या. परमिट, शिक्का, पुन्हा परमिट. शेवटी एका पायलटच्या हाता-पाया पडून मागवलं. आन् काल तो पोरगा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, कोणत्या देशाचं देऊ, अंकल? जपान आहे, जर्मनी आहे, तैवान आहे. फळीवर! भाजीवाला विचारतो ना, हिरवं वांगं देऊ का काळं, तसं!

चतुराबाई : फळीवर व्हतं?

हिम्मतराव : फळीवर. धूळ खात. मग याकूब कोणत्या परमिटची वाट बघायलाय? म्हणजे खोटं बोलायलाय की नाही? निघालो मी. आज त्याच्याकडून समोर बसून बसवून घेणार. इंजिन नसलं तर तिथूनच पोलिसात.

चतुराबाई : मी बी येते.

हिम्मतराव : तू कशाला? तू आजवर कधी आलीस गॅरेजात?

चतुराबाई : तुम्ही वरडताल, तो रडंल. मधे कुणीतरी पायजे. चप्पल घालते, थांबा.

(बरकतपुऱ्यातल्या घरातून काचीगुड्याचं गॅरेज म्हणजे काय लांब नाही, पण त्या रिक्षात दोघं असे बसले होते की मधे तिसरं माणूस मावलं असतं. हिम्मतराव मुठीत बेअरिंग आवळून मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते, आणि नेहमी रिक्षावाल्याला 'हळू, बाबा, हळू' म्हणून हैराण करणारी चतुराबाई आज गप्प होती. हिम्मतरावांना ते गप्प राहणंही संशयाचंच वाटलं. याकूब गॅरेजच्या दारात टायर ठोकत बसला होता. दोघांना एकत्र बघून तो उठला, आणि गाडीखाली शिरायला आता वेळ नाही हे त्याच्या लक्षात आलं.)

याकूब : सलाम उस्ताद. अम्मा, तुमी बी? आओ, बैठो. चाय बोलतूं.

हिम्मतराव : चहा नको. नमाजाची वेळ झाली नाही ना?

याकूब : नै उस्ताद.

हिम्मतराव : बेअरिंग आलं?

याकूब : कां आया उस्ताद! बंबईवाला बोल्ला, इटली से माल निकल्या, जहाज में है. परमिट का लफडा है, तुमकू तो मालूम. पुढच्या हप्त्यात पक्का. सामान मिळायला येळ तो लगताच है.

हिम्मतराव : ऐकलंस, चतुरा? वाक्य ऐकलंस?

चतुराबाई : ऐकलं.

हिम्मतराव : जहाजात आहे म्हणतोस. मग हे काय आहे माझ्या हातात?

याकूब : ये... हे तर बेअरिंग है.

हिम्मतराव : कोणतं?

याकूब : अपनाच है. टेन्शनर का. कां से मिल्या उस्ताद?

हिम्मतराव : जहाजात पोहत गेलो होतो. राणीगंजमधे फळीवर होतं! परमिटचे दिवस गेले, याकूब. खोटं बोलायचं तर निदान ह्या सालातलं बोलावं माणसानं. ताडपत्री काढ.

याकूब : उस्ताद, बात सुनो...

हिम्मतराव : ताडपत्री काढ म्हणलो. इंजिन कुणाला दिलंस? हॉटेलवाल्याला?

याकूब : कैसा होटल? उस्ताद, क्या बोलरें तुमी! मेरी अम्मी की कसम, एक नट कू हात नै लगाया. लेओ, देखो. ये ताडपत्री, ये बॉनेट. हात लगाके देखो. हाय ना?

हिम्मतराव : ...आहे.

याकूब : प्लग, कार्बोरेटर, सब तुमाराच है. हप्ते में एक बार बैटरी चार्ज करतूं मैं. सीट पे नेप्थलीन की गोल्याँ डाल्या, चूहे नै आना बोलके. और तुमी मेरे कू चोर बोलते.

हिम्मतराव : मग चार महिने काय केलंस? इंजिन जागेवर, बेअरिंग बाजारात, गॅरेज तुझं, हात तुझे. मग माझी गाडी का अडवून ठेवली? आन् तिच्याकडं काय बघतोस?

याकूब : कां बघतूं?

हिम्मतराव : बघितलंस आता. मी विचारलं तुला, आन् तू बघितलंस हिच्याकडं. काय चाललंय दोघांचं? चतुरा, गाडी विकायची ठरवली का तुम्ही? आपल्या लेकीनं, त्रिवेणीनं सांगितलं? मला न विचारता?

चतुराबाई : कुणी विकत न्हाई तुमची गाडी.

हिम्मतराव : मग?

चतुराबाई : याकूब, त्यांनी सामान आणलंय. आता कर काम.

याकूब : अम्मा, लेकिन तुमी...

चतुराबाई : कर म्हणलं ना. आज न्हाई तर उद्या करायचंच हाय.

हिम्मतराव : वा! म्हणजे मी ओरडलो तर काम होत नाही, हिनं सांगितलं की होतं. फोरमन कोण होतं, मी का ही? ठीक आहे. माझ्यासमोर कर. मला स्टूल दे इथं, गाडीच्या तोंडाशी. एकही पाना माझ्या मागं फिरवायचा नाही.

याकूब : हौ उस्ताद. पयले रेडिएटर सरकातूं, फिर फॅन बेल्ट. ये निकल्या पुढचं कव्हर.

हिम्मतराव : प्लग काढ, इंजिन हलकं फिरंल. आता मोठी पुली फिरव, हातानं. हळू. हळू... थांब. पहिला पिस्टन वर आला.

याकूब : कैसा समजा तुमकू? तुमी तो वां बैठे.

हिम्मतराव : कानानं. प्लगच्या भोकातून हवा सुटल्याचा आवाज येतो. वर्कशॉपात काय मी डोळे मिटून बसलो होतो का इतकी वर्षं? बोल्ट ढिला कर. स्प्रिंग आवर, बोटावर येईल. निघालं?

याकूब : निकल्या. ये लेओ, जुना बेअरिंग.

हिम्मतराव : आण. फिरवू दे. ऐक, ऐक चतुरा, कानाशी धर. खर्र खर्र करायलंय की नाही? बोटाला वाळू लागल्यासारखं. मी म्हणलो होतो ना? आता हे नवं ऐक. काही ऐकू येतं?

चतुराबाई : न्हाई.

हिम्मतराव : हेच तर. बेअरिंग चांगलं असलं की काहीच ऐकू येत नाही. माणसांचं उलटं आहे. गप्प झाली की समजायचं आत काहीतरी गडबड आहे.

चतुराबाई : मला टोमणे मारून झाले असतील तर ते त्याला द्या, तो हात पुढं करून उभा हाय.

याकूब : बिठाया उस्ताद. बरोबर बैठ्या. आता बेल्ट चढातूं. खाली से... ये एक कॅम की पुली... ये दुसरी. स्प्रिंग छोड्या. बोल्ट कस्या.

हिम्मतराव : दोन चक्कर फिरव इंजिनाला, हातानंच. अडकत तर नाही ना कुठं?

याकूब : नै अडकत.

हिम्मतराव : मग?

याकूब : मग... निशान देखो उस्ताद.

हिम्मतराव : हां. बघतो. बाजूला हो.

याकूब : अम्मा, इधर आओ, उनकू उजेड येऊ दे. वर्कशॉप में अपना कायदा था अम्मा. मेकॅनिक कित्ता बी बडा होवो, उस्ताद निशान देखे बगैर कव्हर नै लगाना. दोनो पुली के निशान समोर के टोक से मिले, उस्ताद बोल्या 'लगाव', तबीच लगाना. एक बार मैं पूछे बगैर लगाया, तो मेरे कू आख्खा दिन गेट पे उभा किया था इन्होंने.

हिम्मतराव : आन् पुन्हा कधी विसरलास?

याकूब : नै उस्ताद.

हिम्मतराव : हां... बराबर आहे. लाव कव्हर.

याकूब : एक बार और देख लेओ उस्ताद.

हिम्मतराव : किती वेळा बघू? बघितलं ना. दोन्ही निशाण समोरासमोर आहेत.

याकूब : दोनो?

हिम्मतराव : हौ, दोन्ही!

याकूब : उस्ताद, उजव्या पुलीचा निशान एक दात मागं है.

हिम्मतराव : ...काय?

याकूब : एक पूरा दात. लांब से बी दिखता. पयले ऐसा होता तो तुमी पाना फेकके मारते थे मेरे कू.

हिम्मतराव : मुद्दाम. मुद्दाम मागं ठेवलास तू!

याकूब : हौ उस्ताद. मुद्दाम.

हिम्मतराव : हरामखोर! माझी परीक्षा घेतोस? मी शिकवलेला तू, आन् भर दुपारी माझीच—

याकूब : मेरा मुँह नै खुलता था उस्ताद! मैं कसम में बंधा था. तुमी रोज आते, मेरे कू चोर समझते, मैं गाडी के नीचे छुपता. नामदेवराव बी आके बोल्या, याकूब, इंजिन कित्ते में दिया? मैं क्या बोलता? तुमारे सामने 'उस्ताद, तुमकू दिखता नै' ऐसा बोलने का जिगर कां से लाऊं? निशानच तुमकू बोलेगा बोलके एक दात मागं छोड दिया.

हिम्मतराव : कुणाची कसम?

चतुराबाई : माझी.

हिम्मतराव : तुझी?

चतुराबाई : त्याला काय इचारता, मला इचारा. मीच सांगितलं गाडी अडवून धर म्हणून. पयल्या दिवशीच. त्याला म्हणलं, तुझ्या उस्तादाला गाडी परत दिलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. लेकरू नको नको म्हणत व्हतं. मीच गळ्यात घातलं त्याच्या.

हिम्मतराव : का? मी काय केलं होतं तुझं?

चतुराबाई : दसऱ्याला आबिड्सहून येत व्हतो. मोठ्या पोस्टाच्या वळणावर एक बाई लेकराला कडेवर घेऊन रस्ता वलांडत व्हती. मी जीव खाऊन वरडले. तुम्ही ब्रेक मारला. गाडी त्या बाईच्या पदराला लागून थांबली. तिनं शिव्या दिल्या, लोकं जमली. आन् तुम्ही माझ्याकडं बघून काय म्हणालात, याद हाय? म्हणालात, 'कशाला वरडलीस? काय झालं?' ती बाई तुमच्या समोर उभी व्हती. बॉनेटवर हात ठिवून. आन् तुम्ही मला इचारायलात, काय झालं!

हिम्मतराव : ऊन होतं डोळ्यावर.

चतुराबाई : सांज झाली व्हती. उगं मला समजावू नका. ताटातली हिरवी मिरची तुम्ही घेवड्याची शेंग म्हणून खाल्ली. डोळ्यातनं पाणी चाललंय, तरी 'भाजी चांगली झाली' म्हणालात. मी काय आंधळी हाय का? त्या दिवसापासून मला झोप न्हाई. डोळे मिटले की ते लेकरू दिसतं. मग एक दिवस तुमची गाडी किर्र किर्र करायला लागली आन् तुम्ही म्हणालात, आता चालवता येत न्हाई, बेअरिंग पायजे. मी देवापुढं नारळ फोडला.

हिम्मतराव : बेअरिंग गेलं म्हणून नारळ!

चतुराबाई : हौ. मला वाटलं, पयल्यासारखी वरीस दोन वरीस लागतील यायला. तवर तुमचं तुम्हालाच कळंल. मला काय माहीत, ते आता वांग्यासारखं मिळतंय म्हणून!

हिम्मतराव : मला तोंडावर सांगायचं होतंस.

चतुराबाई : ऐकलं असतं?

हिम्मतराव : ...नसतं ऐकलं.

चतुराबाई : मग? मला विधवा व्हायचं नव्हतं. आन् दुसऱ्या कुणाची कूस बी रिकामी करायची नव्हती. तुम्हाला माझा शक आला, याकूबचा आला, हॉटेलवाल्याचा आला. एकदा तरी डोळ्यांचा यायचा व्हता.

हिम्मतराव : आला होता.

चतुराबाई : काय म्हणलात?

हिम्मतराव : शक कशाचा, खात्रीच होती. दसऱ्यानंतर डॉक्टरला दाखवून आलो. एकटाच. साखरेनं डोळ्याच्या आतला पडदा खाल्ला, म्हणाला. गेलेलं परत येत नाही. आहे तेवढं सांभाळा.

चतुराबाई : दसऱ्यानंतर? म्हंजे समदं माहीत व्हतं? आन् मला सांगितलं न्हाई?

हिम्मतराव : तू मला सांगितलंस?

चतुराबाई : माझी गोष्ट येगळी. माहीत असून तुम्ही ह्याच्या मागं लागलात, गाडी दे, गाडी दे म्हणून? चालवणार व्हतात?

हिम्मतराव : माहीत नाही. खरंच माहीत नाही, चतुरा. वाटायचं, एकदा हातात स्टेअरिंग आलं की सगळं पहिल्यासारखं होईल. तिच्या आवाजावरून मला ती कळती. गिअर हातातून कळतो. वाटायचं, एवढं सगळं कळतंय तर रस्तासुद्धा कळंल. आन् गाडी मिळंना, म्हणजे कुणीतरी चोर पायजेच होता मला. याकूब चोर असला की माझे डोळे ठीक होते.

याकूब : उस्ताद, पाणी पिओ. बैठो स्टूल पे.

हिम्मतराव : तुला चोर म्हणलो मी.

याकूब : वर्कशॉप में इस से भारी भारी बोलते थे तुमी. ये तो कुछ बी नै.

हिम्मतराव : तेव्हा तुझी चूक असायची. आज नव्हती. आज माझी आहे.

याकूब : नक्को उस्ताद. ऐसा नक्को बोलो. मेरे कू अच्छा नै लगता.

चतुराबाई : चला, घरी जाऊ. याकूब, ताडपत्री टाक. त्रिवेणीला सांगू, ती शिकंल चालवायला. न्हाई तर ऱ्हाऊ दे इथंच.

हिम्मतराव : ताडपत्री टाकायची नाही. एक दात मागं आहे म्हणाला ना तो? असं अर्धवट इंजिन टाकून जायचं का? उद्या कुणी चुकून सेल्फ मारला तर व्हॉल्व वाकतील.

चतुराबाई : आता चालवणार कोण हाय ती?

हिम्मतराव : कुणी का चालवंना. त्रिवेणी चालवंल, हाच चालवंल. मी बाजूला बसंन. पण इंजिन नीट बंद झालं पायजे. याकूब, बोल्ट ढिला कर. बेल्ट काढ, पुली सरकव आन् पुन्हा बसव.

याकूब : हौ उस्ताद. एकच मिनट. ये ढिला किया... ये बेल्ट... एक दात पुढं... ये स्प्रिंग छोड्या. कस दिया.

हिम्मतराव : फिरव दोन चक्कर.

याकूब : फिराया. बरोबर है उस्ताद. आता मुद्दाम बिद्दाम कुछ नै. कव्हर लगाऊं?

हिम्मतराव : थांब. चतुरा, इकडं ये.

चतुराबाई : मी? मला काय कळतंय त्यातलं?

हिम्मतराव : कळायचं काही नाही, नुसतं बघायचं आहे. पदर आवर, तेल लागंल. ही दोन दातेरी चाकं दिसतात का, शेजारी शेजारी? दोन्हींवर एकेक बारीक खड्डा आहे, सुईनं टोचल्यासारखा. आन् समोर लोखंडाचं टोक. खड्डा बरोबर टोकासमोर पायजे. बघ.

चतुराबाई : थांबा, वाकू द्या मला. हां. हे डाव्या चाकाचं... बरोबर समोर हाय.

हिम्मतराव : उजव्याचं?

याकूब : बरोबर है अम्मा, मैं देख्या ना...

हिम्मतराव : तू गप. तिला बघू दे.

चतुराबाई : उजव्याचं... हाय समोर. पण एकदम समोर न्हाई. ज्वारीच्या दाण्याएवढं अलीकडं हाय. का मलाच तसं दिसतंय? याकूब म्हणतोय बरोबर हाय, तर असंल बरोबर. त्याला जास्त कळतं.

याकूब : अम्मा, वो तो... जरासा... बेल्ट में ढील रह गई होगी. इत्ता चलता.

हिम्मतराव : चलता? माझ्या इंजिनात?

याकूब : नै चलता उस्ताद.

हिम्मतराव : मग सोड बेल्ट. पुन्हा ताण. आन् आता मला विचारायचं नाही. ती 'लाव' म्हणल्याशिवाय कव्हर लावायचं नाही.